दोन विहिणी, एक बुडालेलं जहाज

सोमवार, ६ मार्च

लेकीने आज माझ्या गळ्यात भलतंच घोंगडं अडकवलं. ती आणि तिची सासू, म्हणजे माझी विहीण, अशा दोघींनी एका शिबिरात नाव घातलं होतं. सुट्टीच्या दिवशी समुद्रात बुडी मारायला शिकायचं, मग खाडीच्या तोंडाशी जे जुनं जहाज बुडालेलं आहे त्याची मापं घ्यायची आणि आजूबाजूचा समुद्रतळ राखायचा. सगळं हौसेने. आता ऐन वेळी लेक म्हणते, "आई, माझे कान दुखतात. डॉक्टर बुडी मारू नको म्हणाले. माझ्या जागी तू जा."

"मी? अगं, मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. समुद्राखाली माझं काय काम?"

"रोज सकाळी तलावात पोहतेस ना?"

"ते पाण्यावरून."

"मग आता खालून. आणि आईंना सोबत होईल."

आईंना म्हणजे सासूला. लग्नाला दोन वर्षं झाली, पण या दोघींची जोडी काही सुटत नाही. ग्रंथालयात दोघी, नाटकाला दोघी, बाजारात दोघी. मी फोन केला की, "आत्ता आईंबरोबर आहे गं, मग करते." उरलंसुरलं ताट माझ्यापुढे सरकवावं तशी ही जागा आली आहे. तरी मी हो म्हटलं. विहिणीला जमतं आणि मला नाही, असं कुणी म्हणायला नको.

हे म्हणाले, "जा की. माशांना रिव्हर्स शिकव."

रविवार, १२ मार्च

बंदराच्या कडेला एका जुन्या गोदामात वर्ग भरतो. भिंतीशी हवेच्या टाक्या ओळीने उभ्या, दोरीवर रबरी पोशाख वाळत घातलेले. माणसं पिळून टांगावीत तसे दिसतात. फरशी कायम ओली. सगळीकडे रबराचा आणि मिठाचा वास.

शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. पुरातत्त्व शिकलेली, केस अगदी बारीक कापलेले, आवाज असा मऊ की रागावत असेल तरी कळू नये. दर वाक्यात एकदा "सावकाश" म्हणते. "सावकाश श्वास घ्या. सावकाश वळा. घाबरायचं असेल तर घाबरा, पण सावकाश." मी तिचं नाव सावकाशताई ठेवलं. दुपारपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी झालं, तिच्यासुद्धा.

जहाज कौलं वाहून नेणारं होतं. लाकडी, काही शे वर्षांपूर्वीचं. कौलं अजून जागेवर आहेत म्हणे, रचलेली. सावकाशताई म्हणाली, "तिथे आपण पाहुणे. काही उचलायचं नाही, काही हलवायचं नाही. कौल कुठे होतं, कशावर होतं, कुठल्या बाजूला कललं होतं, त्यावरून जहाज कसं बुडालं ते कळतं. एक हललं तरी ते सांगणं पुसलं गेलं."

मी विचारलं, "मग आम्ही तिथून आणायचं काय?"

"चित्रं," ती म्हणाली.

दुसरे एक शिक्षक आहेत, समुद्रातल्या गवतावर आयुष्य घालवलेले. त्यांना सगळे गवतवाले डॉक्टर म्हणतात. हे गवत म्हणजे माशांच्या पिल्लांचं पाळणाघर, त्यावर नांगर टाकाल तर मी तुम्हाला टाकेन, एवढं बोलून ते खाली बसले. मला आवडले.

पाण्याखाली एकट्याने राहायचं नाही. प्रत्येकाला जोडीदार. माझी जोडीदार कोण, ते काय सांगायला हवं? लग्न लेकीचं झालं, गाठ माझी पडली.

विहीणबाई नगरपालिकेत नकाशे काढायच्या, आता निवृत्त. सडपातळ, ताठ, मितभाषी. मी आपण होऊन त्यांच्या डाव्या हाताला खुर्ची ओढली, चार गोष्टी बोलले. एकीचंही उत्तर नाही. नुसत्या फळ्याकडे बघत बसल्या. शेवटी मी विचारलं, "चहा घेणार?" तर मान न वळवता म्हणाल्या, "हो, फारच छान शिकवते." घ्या! आता माणसाने बोलावं तरी कसं?

रविवार, १९ मार्च

आज तलावात पहिला धडा. पाठीवर टाकी, तोंडात नळी, डोळे आणि नाक झाकणारी काच. तळाशी गुडघ्यांवर बसायचं, काचेत मुद्दाम पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकर मारून ते बाहेर घालवायचं.

विहीणबाईंनी पहिल्या फटक्यात केलं. माझ्या काचेत पाणी शिरलं मात्र, आणि माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. शिकाऊ गाडीत माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की मी तो दाबते. तलावाच्या तळाला ब्रेक नाही. मी थेट वर, खोकत, शिंकत, नाकाडोळ्यांतून पाणी. तीनदा केलं, तीनदा तेच. वर्गातल्या केशकर्तनालयवाल्याने टाळ्या वाजवल्या, चांगल्या मनाने, पण मला त्याचं डोकं भादरावंसं वाटलं.

लेक काठावर बसली होती. सोबत म्हणून आली आणि सारखी कोरडी बिस्किटं कुरतडत होती. मध्येच तलावाच्या औषधाचा वास सहन होत नाही म्हणून तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली. आजकालच्या पोरींना जरा काही सोसवत नाही. निघताना ती माझी टाकी उचलायला वाकली, तर विहीणबाई धावत आल्या आणि तिच्या हातून ती हिसकावून घेतली. "तू नको, मी नेते." सुनेला एक टाकी उचलू देत नाहीत! एवढा अविश्वास? माझ्या पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. सहनशील आहे बिचारी.

मी पंचवीस वर्षं आरशात न बघता मागची गाडी ओळखत आले आहे. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

रविवार, २६ मार्च

जमलं! काच रिकामी झाली. सावकाशताई माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि हाताने खूण करत राहिली, सावकाश, सावकाश. मी ब्रेकचा पाय दुसऱ्या पायाखाली दाबून धरला आणि फुंकर मारली. एकदम सगळं स्वच्छ दिसलं, तिच्या गालावरची खळीसुद्धा. मी पाण्यातच ओरडले. बुडबुड्यांशिवाय काही निघालं नाही म्हणा.

मग मोजमापं. तळाशी विटा, कौलं आणि एक मोडकी सायकल टाकून आमच्यासाठी खोटं जहाज मांडलं होतं. दोन ठरलेल्या खुणांपासून फीत लावायची, आकडा पाटीवर लिहायचा, वर येऊन कागदावर उतरवायचं. हे सगळं तळाला न टेकता, अधांतरी राहून. कारण पाय टेकला की गाळ उठतो आणि कुणालाच काही दिसत नाही. मी एकतर बुचासारखी वर जात होते, नाहीतर पोत्यासारखी खाली. विहीणबाई मात्र हवेत टांगलेल्या कंदिलासारख्या स्थिर.

कागदावर उतरवलं तेव्हा माझी सायकल तलावाच्या भिंतीपलीकडे, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत निघाली. सगळे पोट धरून हसले. विहीणबाईसुद्धा. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. एक दात वाकडा आहे. बऱ्या दिसतात हसताना.

शनिवार, ८ एप्रिल

आज समुद्र. आज जहाज.

आधी बोटीवर काय घडलं ते लिहिते. विहीणबाई कडेच्या बाकावर बसून पायात पोहायचे रबरी पंजे चढवत होत्या. लाटेने बोट कलली, एक टाकी दोरातून सुटली आणि त्यांच्या डाव्या बाजूने गडगडत निघाली. बोटवाला ओरडला, "बाई, पाय! पाय घ्या!" मी ओरडले. सगळे ओरडले. या आपल्या शांतपणे पट्टा आवळतायत. मी उडी मारली, त्यांना पट्ट्याला धरून ओढलं आणि दोघी दोरांच्या ओल्या ढिगात जाऊन पडलो. टाकी बाकावर आदळली, फळीला खोक पडली.

"अहो, एवढे ओरडतोय आम्ही!" मी म्हटलं.

त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "कुठून? डावीकडून? डाव्या कानाने मला ऐकू येत नाही हो. नस गेलीय. पडदा धड आहे, म्हणून बुडी मारायची परवानगी मिळाली."

"कधीपासून?"

"पोरांच्या लग्नाआधीपासून. तुम्हाला माहीत नाही? मला वाटलं, माहीत आहे. म्हणूनच मुद्दाम डावीकडे बसता, कमी बोलावं लागावं म्हणून."

लग्नात, जेवणाच्या टेबलावर, गाडीत, वर्गात, मी दोन वर्षं या बाईच्या डाव्या कानात बोलत आले. माझी बडबड कुणाला ऐकू गेली नाही, आणि मी मात्र मनात गाठी मारत बसले. मी उठले आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. म्हटलं, "आता तयारी ठेवा. दोन वर्षांचं साठलंय."

"बापरे," त्या म्हणाल्या.

मग आम्ही खाली गेलो. बोटीला नांगर टाकायचा नव्हता, गवत वाचवायला तिथे कायमचा तरंगता पिंप बांधलेला आहे. त्याची दोरी धरून उतरलो. पाणी गढूळ, हात लांब केला तर बोटं पुसट. आधी हिरवं, मग करडं, आणि मग एकदम समोर कौलं. ओळीने, एकात एक बसवलेली, कालच कुणी रचून घरी जेवायला गेल्यासारखी. एका फटीतून खेकड्याने डोळे वर काढले. मी श्वास घ्यायचा विसरले, विहीणबाईंनी कोपर मारून आठवण केली.

आणि त्या सगळ्यावर एक जाळं. मोठं, निळं, कुणा मच्छीमार बोटीचं तुटून राहिलेलं. जहाजाच्या अंगावर पसरलेलं. पाणी पुढे गेलं की जाळं पुढे, मागे आलं की मागे, आणि त्याच्याबरोबर वरच्या फळ्याही जराशा हलत होत्या, दुखऱ्या दातासारख्या.

रविवार, ९ एप्रिल

जाळ्यावरून आज दोन्ही शिक्षकांचं वाजलं. गवतवाले डॉक्टर म्हणाले, "आजच कापा. टाकणारा निघून गेला तरी जाळं पकडायचं थांबत नाही. काल त्यात तीन मासे मेलेले होते."

सावकाशताई म्हणाली, "कापल्यावर खालचं काय आणि कसं हलेल सांगता येत नाही. आधी जहाज कागदावर उतरू दे. एकदा विस्कटलं की ते परत कुणालाच दिसणार नाही."

"आणि तोवर मासे?"

"आणि जहाज?"

दोघांचंही खरं. अशा वेळी फार त्रास होतो. माझ्याकडे गाडी शिकायला नवरा-बायको एकत्र येतात तेव्हा असंच होतं. मी म्हटलं, "दोघंही एकाच गाडीत बसलायत. आम्ही रोज उतरल्यावर आधी जाळं तपासतो, जिवंत सापडेल ते सोडवतो. मग मापं. हात चालवून करतो. वादळाचे दिवस सुरू व्हायच्या आत चित्र पुरं करायचं आणि मग कापायचं." मग गवतवाले डॉक्टर म्हणाले, "या बाईंना आपण जास्त हवा देऊ."

रविवार, १६ एप्रिल

आज जे झालं ते लिहिताना अजून हसू येतंय, आणि रडूही.

लेक आज बोटीवर आली. इतके दिवस डिझेलच्या वासाने मळमळतं म्हणून धक्क्यावरच खुर्ची टाकून बसायची. मी म्हटलं, कान बरे झाले असतील आता, निदान वरवर तरी पोहू दे हिला. तिचा रबरी पोशाख मी घरून आणलाच होता. ती नको नको म्हणत होती, मी ऐकते थोडीच! तिच्या अंगात चढवायला घेतला. पोटापाशी चेन अडली. मी ओढली. हलेना.

"जरा खाणं कमी कर," मी म्हटलं.

केशकर्तनालयवाला आभाळाकडे बघायला लागला. सावकाशताईने पाठ फिरवली. विहीणबाई पाटी पुसत होत्या, ती पुसतच राहिल्या. शेवटी बोटवाला, चार पोरांचा बाप, दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "अहो बाई, पोटुशी पोर ती. तिला कशाला त्यात कोंबताय?"

मी चेन हातात धरून तशीच उभी.

"आई," लेक म्हणाली, "कान नाही दुखत माझे."

पहिल्या वर्गाच्या आधीच कळलं होतं तिला. म्हणूनच डॉक्टर बुडी मारू नको म्हणाले. बिस्किटं, रुमाल, खुर्ची, हिसकावलेली टाकी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. आणि मी म्हणे आरशात न बघता मागची गाडी ओळखते!

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर शिबिर सोडून माझ्या उशाशी येऊन बसली असतीस. मला तू पाण्यात हवी होतीस. तलावातून वर आलीस की तुझा चेहरा कसा असतो माहितीये? लहान मुलीसारखा."

मी विहीणबाईंकडे वळले. "आणि तुम्ही! तोंडातून अवाक्षर नाही!"

"गुपित राखायला मला बरं पडतं," त्या म्हणाल्या. "निम्मी माणसं काय विचारतात तेच मला ऐकू येत नाही." मग पाटी खाली ठेवून, "तुमचं नाव मीच सुचवलं होतं. तिने जागा सोडते म्हटल्यावर. मला तुमच्याशी बोलायचं असायचं, पण तुम्ही आलात की लगेच घाईने निघायचात."

मी त्यांना मिठी मारली. दोघींच्या अंगावर इतकं सामान होतं की ती मिठी म्हणजे दोन गाड्यांची टक्कर झाली. मग लेकीला जवळ घेतलं, सावकाश.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अंदाज होता मला." अंदाज होता म्हणे!

रविवार, २३ एप्रिल

चित्र भरत चाललं आहे. प्लास्टिकच्या नळ्यांची चौकट कौलांवर अधांतरी धरायची, तिच्यात दोऱ्यांचे चौकोन. एकेका चौकोनात काय दिसतं ते मी बघून खुणेने सांगते, विहीणबाई काढतात. मी आता खाली टेकत नाही, वर जात नाही. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. गाडी चढणीवर क्लचवर तोलून धरावी तसं. हे आधीच असं सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी जमलं असतं. नव्या शिकणाऱ्यांना मी असंच सांगणार आहे, ज्यांना गाडी येते त्यांना.

आमच्या दोघींच्या खाजगी खुणाही झाल्या आहेत. कमरेत वाकून हातात काठी धरल्यासारखं केलं की 'आजी'. त्या मला करतात, मी त्यांना करते. सावकाशताईला वाटलं माझ्या कमरेत उसण भरली, ती घाबरून पोहत आली.

आज जाळ्यातून एक मोठा खेकडा सोडवला. निघाल्यावर आभार मानायचं सोडून माझ्या हातमोज्याला चिमटा काढून गेला. गवतवाले डॉक्टर खूश.

हवामानाचा अंदाज मात्र बरा नाही. वादळ लवकर येतंय. जाळं तोवर तसंच राहिलं तर शिडासारखं फुगेल आणि फळ्या उखडून नेईल, असं सावकाशताई म्हणाली. पुढचा शनिवार-रविवार हातात आहे. आजपर्यंत तिचा आवाज कधी घाईचा झाला नव्हता. आजही झाला नाही, पण तिने नखं खाल्ली.

शनिवार, २९ एप्रिल

सकाळी उरलेले चौकोन काढून झाले. जहाज कागदावर उतरलं. दुपारी कात्र्या घेऊन खाली.

जाळं ओढायचं नाही. पट्टा कापायचा, त्याला हवा भरायची पिशवी बांधायची, तिच्यात थोडी थोडी हवा सोडायची, म्हणजे पट्टा आपोआप उचलला जातो. जिथे जाळं लाकडात रुतून बसलंय तिथे भोवतीने कापून तेवढं तसंच ठेवायचं. चार जोड्या, चार बाजूंना.

आमचा दुसरा पट्टा चालू होता. गाळ उठलेला, दिसत कमी. विहीणबाई कापायला वाकल्या आणि मागून जाळ्याची एक झोळ त्यांच्या टाकीच्या तोटीत अडकली. त्या वळून बघायला गेल्या, तसं जाळं खांद्याभोवती फिरलं. पुन्हा वळल्या, पुन्हा एक फेरा. बुडबुडे भराभर निघायला लागले. त्यांचे डोळे काचेमागे मोठे झालेले मला दिसले.

माझ्या उजव्या पायाने ब्रेक दाबला. मग मी त्यांच्या अगदी समोर गेले आणि तळहात दाखवला. थांबा. भर रस्त्यात गाडी बंद पडून रडायला लागलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना आधी फक्त हा तळहात लागतो. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि थांबल्या. हातपाय सोडून दिले. सगळा भार माझ्यावर टाकला. एवढा विश्वास आजवर कुणी ठेवला असेल माझ्यावर, मला आठवत नाही.

मी मागे गेले. एकेक दोरा बोटाने चाचपून कापला. शेवटचा एक उरला, तो खाली एका फळीच्या फटीतून आला होता, ताणलेला. हिसका दिला असता तर त्या मोकळ्या झाल्या असत्या आणि फळीही आली असती. माझ्या हाताला हिसका द्यायचा होता. हवेचा काटा पाहिला, दोघींनाही भरपूर होती. मग कात्री आत सरकवली, फळीला न लावता, आणि दोरा कापला. फळी जागची हलली नाही.

समोर येऊन विचारलं, ठीक? त्यांनी बोटांचं वर्तुळ करून दाखवलं, ठीक. मग कमरेत वाकल्या आणि काठी धरल्याची खूण केली. मी इतकी हसले की नळी तोंडातून सुटायची वेळ आली.

वर आल्यावर धक्क्यावर लेकीला आम्ही यातलं काही सांगितलं नाही. गुपित राखायला मलाही जमतं म्हणायचं.

रविवार, ३० एप्रिल

जाळं निघालं. सगळं. शेवटची पिशवी फुगून वर येताना एखाद्या केशरी देवमाशासारखी दिसली. बोटवाल्याने आणि केशकर्तनालयवाल्याने ओढून आत घेतलं तेव्हा बोट एका बाजूला कलली. जाळ्यात अडकलेली छोटी जनावरं गवतवाले डॉक्टर एकेक करून सोडत बसले, प्रत्येकाला काहीतरी बोलत. सावकाशताई कडेला बसून रडली. तेही सावकाश.

रविवार, १४ मे

वादळ आलं, दोन दिवस धुमाकूळ घालून गेलं, आणि पाणी निवळायला वेळ लागला. आज उतरलो.

दोरीवरून अर्ध्यात आलो आणि थांबलोच. खालपर्यंत सगळं दिसत होतं. आजवर मी जहाज हातभर, चौकोनभर पाहिलं होतं. आज अख्खं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका कुशीवर निजलेलं. फळ्या जागच्या जागी. भोवती गवत डुलतंय आणि कौलांवरून छोट्या माशांचा थवा फिरतोय. विहीणबाईंनी माझा हात धरला. आम्ही किती वेळ नुसत्याच तरंगत होतो कोण जाणे.

मग त्यांनी बोट दाखवलं. वादळाने एका कडेची वाळू वाहून नेली होती आणि खालच्या थरातली थोडी कौलं उघडी पडली होती. मी जवळ गेले. एका कौलावर पाऊल होतं. कुत्र्याचं. चार बोटं, मधली गादी, अगदी ठसठशीत. शेजारी दुसरं, कडेला तिसरं. कौल ओलं असताना, उन्हात वाळत घातलेलं असताना कुत्रं त्याच्यावरून गेलं होतं.

मी मापं दिली, विहीणबाईंनी काढली. हात कशाला लावला नाही. मनात फार आलं होतं, उचलून लेकीला दाखवावं म्हणून. नाही उचललं.

पण चौथं पाऊल? ते पुढच्या कौलावर पडलं असणार. आम्ही दोघी उघड्या पडलेल्या कडेने नाक लावून शोधत निघालो, हरवलेली अंगठी शोधावी तशा. हवेचा काटा परतायच्या खुणेशी आला तेव्हा ते सापडलं. तीन कौलं सोडून. आणि त्याच्या पाठोपाठ, त्याच कौलाच्या कोपऱ्यावर, खोल रुतलेली माणसाची अनवाणी टाच. पुढे पंजा नाही, नुसती टाच. धावता धावता घसरलेल्या माणसाची.

वर येऊन सावकाशताईला चित्र दाखवलं. ती बघतच राहिली, मग एवढ्या मोठ्याने हसली की बोटवाल्याने वळून पाहिलं. "म्हणजे हा कुत्र्याला हाकलायला मागे धावला," ती म्हणाली, "आणि कुत्र्याहून जास्त कौलं याने खराब केली!"

"आणि तरी ती जहाजात भरली," विहीणबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणीतरी. हा तिकडे बघत नसताना."

घरी येईपर्यंत गाडीत आम्ही तिघी त्या माणसाने कुत्र्याला घातल्या असतील त्या शिव्या रचत होतो. लेकीच्या शिव्या सगळ्यांत सरस निघाल्या. कुत्रं काही त्याच्या हाती लागलं नाही, याबद्दल मात्र आमचं एकमत झालं.